कळंबजवळची नीरा कधीकाळी सरहद्द होती. पलीकडच्या राज्यासाठी लंडनमध्ये भांडणारे वकील रंगो बापूजी कोण होते?

इंदापूर तालुक्यातल्या कळंबमध्ये नीरेचा विषय निघाला की बोलणं पाण्यावर जातं. कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, उसाला पाणी पुरणार का, एवढंच. (धाराशिव जिल्ह्यातलं कळंब वेगळं. हे वालचंदनगरला लागून असलेलं कळंब.) नदी ओलांडली की माळशिरस तालुका आणि सोलापूर जिल्हा सुरू होतो. आज ही हद्द फक्त जिल्ह्याची आहे. ओलांडताना कुणी वळूनही बघत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी मात्र हीच नदी दोन राज्यांच्या मध्ये होती. कळंबच्या बाजूला कंपनी सरकारचा पुणे जिल्हा आणि पलीकडच्या काठाला साताऱ्याच्या छत्रपतींचं राज्य. त्या राज्याला कायद्याने, कागदाने वाचवता येईल असं मानणारा एक माणूस १८४० च्या सुमारास लंडनला गेला आणि १८५३ पर्यंत तिथेच राहिला. परत आल्यावर त्याने साताऱ्याच्या परिसरात हत्यारबंद माणसं जमवली. रंगो बापूजी गुप्ते हे त्यांचं नाव. त्यांचं घराणं रोहिडखोऱ्यातल्या देशपांड्यांचं, म्हणजे भोरच्या परिसरातलं. कळंबला येणारी नीरा भोरवरूनच येते.

रंगो बापूजींचं नाव शाळेच्या पुस्तकात १८५७ च्या धड्यात एखाद्या ओळीत येतं आणि जातं. पण त्यांनी लढवलेला खटला समजून घेतला, तर कंपनी सरकार नेमकं कसं चालायचं हे बऱ्यापैकी कळतं.

सरहद्द कुठून आली?

१८१८ मध्ये पेशवाई संपली. एल्फिन्स्टनने पेशव्यांचा मुलूख कंपनीकडे घेतला, पण साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना एक छोटं राज्य दिलं. २५ सप्टेंबर १८१९ रोजी तह झाला. उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर-विजापूरचा भाग, अशी त्या राज्याची चौकट ठरली. इंदापूर तालुका कंपनीकडे राहिला. पुढे १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्यातली नवी जमीन मोजणी आणि ३० वर्षांची सारा पद्धत सुरू केली, ती याच इंदापूर तालुक्यापासून.

तहात दोन गोष्टी अशा होत्या, ज्यांवरून पुढचं सगळं पेटलं.

पहिली म्हणजे महाराजांनी कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी पत्रव्यवहार करायचा नाही. दुसरी जहागिरदारांबद्दलची. भोरचे पंत सचिव, औंधचे प्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले, वाईचे शेख मिरा हे जहागिरदार महाराजांच्या हाताखालचे, पण त्यांच्या जहागिरीची हमी मात्र कंपनीची. आता प्रश्न असा की एखादा जहागिरदार वारस नसताना वारला, तर जहागीर कुणाकडे जाणार? महाराज म्हणत, आमच्याकडे. मुंबई सरकारला ते मान्य नव्हतं.

हा वाद लंडनला कंपनीच्या संचालकांकडे गेला. तिथला कल महाराजांच्या बाजूने होता, पण तो निर्णय मुंबई सरकारने महाराजांपर्यंत पोहोचूच दिला नाही. १८३५ मध्ये तर संचालकांनी महाराजांच्या कारभारावर खूश होऊन त्यांना मानाची तलवार द्यायचं ठरवलं. ती तलवार महाराजांच्या हातात कधीच पडली नाही.

आरोप काय होते?

१८३६ मध्ये मुंबई सरकारने एक गुप्त चौकशी समिती नेमली. आरोप असे, की महाराजांनी २३ व्या पलटणीतल्या देशी अधिकाऱ्यांना फितवण्याचा प्रयत्न केला, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरशी संधान बांधलं आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार ठेवला. पोर्तुगीज फौज आणून मराठी राज्य परत उभं करायचं, असा हा कट म्हणे. त्या काळात गोव्याच्या गव्हर्नरकडे स्वतःपुरती फौज तरी धड होती का, हा प्रश्न लंडनमध्ये महाराजांच्या बाजूच्या लोकांनी वारंवार विचारला.

पुरावे कसे गोळा झाले याचा एक नमुना पुरेसा आहे. महाराजांचे दिवाण गोविंदराव कैदेत असताना त्यांच्या आईच्या, गिरजाबाईंच्या नावाने सरकारकडे एक अर्ज आला. त्यात महाराजांच्या कटाला दुजोरा होता. नंतर गिरजाबाईंनी तो अर्ज आपला नसल्याचं सांगितलं. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने अर्ज आपणच लिहिल्याचं सांगितलं आणि कामाचा मोबदला मिळाला नाही अशी तक्रारही केली. रंगो बापूजींनी लंडनमध्ये हे प्रकरण सोडलं नाही, आणि त्यात नवल नाही. वकिलाला याहून चांगला मुद्दा कुठे मिळणार?

१८३९ मध्ये नवे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्याला आले. त्यांनी महाराजांपुढे प्रस्ताव ठेवला, की आरोप मान्य केल्याच्या कागदावर सही करा, मागचं सगळं माफ. महाराजांनी सही केली नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रेसिडेंट ओव्हान्सने त्यांना रात्रीच वाड्यातून बाहेर काढलं. ५ सप्टेंबर १८३९ ला त्यांचे धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवण्यात आलं आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीला झाली.

सही केली असती तर राज्य राहिलं असतं. हा हट्ट होता की तत्त्व, यावर आजही दोन मतं निघतील. पण सही न केल्यामुळे एक गोष्ट झाली. आरोप शेवटपर्यंत आरोपच राहिले, आणि त्यांची उघड सुनावणी व्हावी ही मागणी करायला जागा उरली. रंगो बापूजींचं लंडनमधलं सगळं काम या एका मागणीवर उभं होतं.

त्या काळचा ‘वकील’ म्हणजे काय?

काळा कोट, सनद, वकीलपत्र असं काही डोळ्यांपुढे आणू नका. मराठी राज्यात वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात आपल्या धन्याची बाजू मांडणारा माणूस. पेशव्यांचे वकील दिल्लीत असत, हैदराबादेत असत. त्यांना भाषा लागायची, कागदपत्रांची पक्की जाण लागायची आणि कुणाच्या शब्दाला किती वजन आहे हे ओळखावं लागायचं. आजच्या हिशेबाने अर्धा राजदूत, अर्धा कायदेपंडित.

महाराजांनी रंगो बापूजींच्या आधीही लंडनला माणसं पाठवली होती. रंगो बापूजींबरोबर यशवंतराव शिर्के आणि भगवंतराव विठ्ठल हेही वकील म्हणून होते. इतर लोक परतले, रंगो बापूजी राहिले. इंग्रजी शिकले. त्यांच्या नावाने इंग्रजीत छापलेली निवेदनं आणि पत्रं लंडनमध्ये निघू लागली. साताऱ्याचा एक माणूस कंपनीच्या मुख्यालयात, लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया हाऊसमध्ये उभा राहून कंपनीलाच तिच्या तहातली कलमं वाचून दाखवतोय, हे चित्र १८४० च्या दशकातलं आहे. दादाभाई नौरोजी पहिल्यांदा इंग्लंडला गेले ते १८५५ मध्ये.

दाद मागायची तरी कुणाकडे?

इथे कंपनीची रचना समजून घ्यावी लागते. ईस्ट इंडिया कंपनी ही शेअर असलेली कंपनी होती. भागधारकांची सभा, तिला ‘कोर्ट ऑफ प्रोप्रायटर्स’ म्हणत. १,००० पौंडांचे शेअर असतील तर एक मत, ३,००० असतील तर दोन, ६,००० ला तीन आणि १०,००० ला चार. रोजचा कारभार २४ संचालकांकडे. आणि १७८४ च्या कायद्यापासून या संचालकांच्या डोक्यावर ब्रिटिश सरकारचं ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’.

म्हणजे साताऱ्याच्या राजाला न्याय हवा असेल, तर त्याच्या वकिलाने अशा माणसांची मनं वळवायची, ज्यांचा लाभांश हिंदुस्थानच्या महसुलातून येतो. भागधारकांनी समजा ठराव केलाच, तरी संचालक तो बासनात ठेवू शकत. संचालक वळलेच, तर वर बोर्ड ऑफ कंट्रोल बसलेलं. १८३५ ते १८४१ आणि पुन्हा १८४६ नंतर या बोर्डाचे अध्यक्ष होते सर जॉन कॅम हॉबहाऊस. महाराजांच्या पदच्युतीला मंजुरी त्यांच्याच काळातली, आणि वर्षानुवर्षं दाद मागायची तीही पुन्हा त्यांच्याच टेबलावर. ऑनलाइन तक्रार करावी आणि ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच लॉगिनला जाऊन पडावी, तसा हा प्रकार.

तरीही रंगो बापूजींनी माणसं मिळवली, आणि साधीसुधी नाही. जनरल लॉडविक साताऱ्याचे रेसिडेंट होते आणि १८३६ च्या त्या गुप्त चौकशी समितीचे सदस्यही. तेच पुढे लंडनमध्ये महाराजांच्या बाजूने बोलू लागले. साताऱ्याचे आणखी एक माजी रेसिडेंट जनरल ब्रिग्ज यांनीही बाजू घेतली. खासदार जोसेफ ह्यूम यांनी पार्लमेंटमध्ये प्रश्न लावून धरला.

आणि जॉर्ज थॉम्पसन. हा माणूस मुळात गुलामगिरीविरोधी चळवळीतला वक्ता. १८३४ मध्ये तो अमेरिकेत भाषणं द्यायला गेला, तेव्हा गुलामगिरीच्या समर्थकांनी त्याला इतक्या धमक्या दिल्या की पुढच्या वर्षी त्याला तिथून निघून यावं लागलं. असा माणूस नंतर साताऱ्याच्या छत्रपतींसाठी भागधारकांच्या सभेत तासन् तास बोलत होता. थॉम्पसनने पुढे द्वारकानाथ टागोरांबरोबर हिंदुस्थानचा दौराही केला. साताऱ्याचा प्रश्न हा फक्त एका राजाचा प्रश्न नाही, कंपनी करार पाळते की नाही याचा आहे, हे रंगो बापूजींनी या मंडळींना पटवलं होतं.

ठराव येत राहिले, पडत राहिले.

अशील गेला, वकील थांबला नाही

१४ ऑक्टोबर १८४७ ला प्रतापसिंह महाराज काशीला वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. सहा महिन्यांत, ५ एप्रिल १८४८ ला साताऱ्याच्या गादीवरचे शहाजी महाराजही वारले. त्यांनीही दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचं मत होतं की दत्तक मान्य करावा. तहात राज्य वंशपरंपरेने दिलेलं आहे आणि हिंदू कायद्यात दत्तक मुलगा हाच वारस. पण गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला. १८४९ च्या सुरुवातीला संचालकांनीही त्यावर शिक्कामोर्तब केलं.

डलहौसीचं ‘संस्थान खालसा’ धोरण म्हटलं की झाशी आणि नागपूर आठवतात. त्या धोरणाने गेलेलं पहिलं राज्य साताऱ्याचं. कळंबच्या पलीकडचा काठही कंपनीचा झाला आणि नीरा दोन राज्यांमधली सरहद्द उरली नाही.

यानंतर तरी रंगो बापूजी परत येतील असं कुणालाही वाटलं असतं. ज्याची वकिली करायची तो राजा नाही, राज्यही नाही. ते थांबले. आता मागणी महाराजांच्या राणीसाहेब आणि दत्तक पुत्रासाठी होती. १८५३ मध्ये कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण होणार होतं. हिंदुस्थानच्या कारभारावर पार्लमेंटमध्ये चर्चा होण्याची ती संधी. तीही गेली. तोवर त्यांच्या डोक्यावर लंडनमध्ये कर्ज झालं होतं. ते फेडायला आणि परतीच्या प्रवासाला शेवटी पैसे दिले ते कंपनीनेच. कंपनीच्या दृष्टीने हा सौदा स्वस्तात पडला असावा.

वकील ते फौज उभारणारा

अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासात एक प्रकारचा माणूस सारखा भेटतो. पेशाने वकील आणि गरज पडली की गावच्या मिलिशियाचा अधिकारी. मिलिशिया म्हणजे कायमचं पगारी लष्कर नाही. शेतकरी, कारागीर, दुकानदार यांनी हत्यार घेऊन उभं राहायचं, काम झालं की घरी जायचं. अँड्र्यू जॅक्सन वकील होते, न्यायाधीश झाले, टेनेसी मिलिशियाचे मेजर जनरल झाले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष. अब्राहम लिंकन वकील होण्याआधी, १८३२ मध्ये, इलिनॉय मिलिशियाच्या एका तुकडीचे कॅप्टन होते. त्या देशात कायदा आणि बंदूक या दोन्ही गोष्टी त्याच समाजाच्या हातात होत्या, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाणं हा मानाचा प्रवास होता.

रंगो बापूजींनी तोच रस्ता धरला, पण इथे एक पाऊल पुढे टाकलं की ते राजद्रोहाचं होतं.

१० मे १८५७ ला मीरतला उठाव झाला. साताऱ्यात त्याच्या बातम्या पोहोचेपर्यंत इथे आधीच हालचाल सुरू होती. रंगो बापूजी आणि त्यांचे साथीदार सातारा, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात माणसं जोडत होते. त्यांत रामोशी होते, मांग होते, जुन्या राज्यातले कारकून होते. राज्य खालसा झालं तेव्हा गादीवरच्या माणसाबरोबर शिबंदीतली, किल्ल्यांवरची, वाड्यावरची हजारो छोटी कामंही गेली होती. माणसं मिळायला हे कारण पुरेसं होतं. साताऱ्यातल्या इंग्रजांवर आणि महाबळेश्वरवर हल्ला करायचा, तुरुंगातले कैदी सोडवायचे आणि छत्रपतींच्या दत्तक पुत्राला गादीवर बसवायचं, असा बेत होता.

जूनमध्येच सुगावा लागला. मानसिंग नावाच्या एका शिपायाला पलटणीतल्या लोकांना चिथावल्याच्या आरोपावरून पकडून २० जूनला फाशी देण्यात आलं. साताऱ्याचे मॅजिस्ट्रेट रोज यांनी धरपकड सुरू केली. फितुरी झाली, नावं फुटली, हत्यारं सापडली. उठाव साताऱ्यात झालाच नाही. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीने बंड केलं, पण तोवर साताऱ्याची माणसं कोठडीत होती. ऑगस्टमध्ये राजघराण्यातल्या राण्या आणि दत्तक पुत्रांना साताऱ्यातून हलवून मुंबईजवळच्या बुचर बेटावर नेण्यात आलं. तिथून पुढे कराचीला.

रणनीती म्हणून पाहिलं तर या कटात ढिलाई होती. माणसं फार ठिकाणी विखुरलेली, बेत फार लोकांना माहीत, हत्यारं कमी. १४ वर्षं कागद सांभाळणाऱ्या माणसाने फौज उभी केली ती दोन-तीन वर्षांत, आणि तीही पाळतीखाली. लंडनमध्ये प्रत्येक गोष्ट छापून, सही करून, सगळ्यांपुढे मांडायची सवय. कटाला नेमकं उलटं लागतं.

गेंडामाळ

खास नेमलेल्या कमिशनपुढे खटले चालले. ८ सप्टेंबर १८५७ ला साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना मृत्युदंड देण्यात आला. ५ जणांना फाशी, ६ जणांना तोफेच्या तोंडी, ६ जणांना गोळ्या. त्यांत नारायण पावसकर, केशव चित्रे होते, आणि रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता.

ज्या कमिशनने हे केलं ते वेगाने केलं. उठावाचा सुगावा लागल्यापासून शिक्षेपर्यंत तीन महिन्यांच्या आसपास. प्रतापसिंह महाराजांच्या उघड सुनावणीच्या अर्जावर जेवढी वर्षं गेली, त्याच्याशी हा हिशेब ताडून बघण्यासारखा आहे.

रंगो बापूजी सापडले नाहीत. सरकारने त्यांच्या शोधासाठी बक्षीस लावलं, नातेवाइकांच्या घरांवर नजर ठेवली. वेष पालटून निसटल्याच्या अनेक गोष्टी आहेत. कुणी सांगतं गोसाव्याच्या वेषात, कुणी आणखी काही. त्यांच्यावर खटला चालला नाही, त्यांचा मृतदेह मिळाला नाही. मुलगा, साथीदार आणि त्यांच्या शब्दावर आलेली साधी माणसं गेली आणि म्होरक्या निसटला, याचा त्यांच्यावर ठपका ठेवणारेही आहेत. या १७ जणांच्या घरांच्या बाजूने पाहिलं तर तो प्रश्न उडवून लावता येत नाही.

प्रबोधनकार ठाकरे यांनी प्रतापसिंह महाराज आणि रंगो बापूजींवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या उतारावर ‘चार भिंती’ हे हुतात्म्यांचं स्मारक आहे. संध्याकाळी तिथे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, कारण तिथून सातारा शहराचा नजारा छान दिसतो.

दरम्यान १८५८ मध्ये ज्या कंपनीशी रंगो बापूजी भांडले, तिच्याकडून हिंदुस्थानचा कारभार काढून घेण्यात आला. लेडनहॉल स्ट्रीटवरचं ईस्ट इंडिया हाऊस पुढच्या काही वर्षांत पाडलं गेलं. नीरेच्या पलीकडचा माळशिरस तालुका आधी सातारा जिल्ह्यात राहिला, नंतर सोलापूरला जोडला गेला, आणि कळंबच्या काठावरून दिसणारी हद्द तेव्हापासून आहे ती अशी आहे.